सेवेचं मन

"सून मुकी भेटली, बरं झालं. कप तिलेच धुवायले देत जा, नाही म्हणत नाही ते."

चर्चच्या स्वयंपाकघरात सुनंदाकाकू माझ्या सासूबाईंना सांगून राहिल्या होत्या, आणि मी दाराबाहेर त्याच कपांचा ट्रे घेऊन उभी होते. सासूबाई म्हणाल्या, "हव."

लग्न होऊन रायपूरला आल्याला तीन महिने झाले होते. मंडळीत माझी ओळख एवढीच.

पुढच्या रविवारी उपकारस्तुती होती. एकेकानं उभं राहून देवाचे उपकार मानायचे. कोणी तेलीबांध्याच्या फ्लॅटचे मानले, गॅलरीतून तलाव दिसतो हेही देवाला कळवलं. कोणी जावयाच्या बढतीचे मानले. काकूंना तर रडू आवरेना. "देवानं मले सेवेचं मन देलं!" त्यांना कधी चहात साखर ढवळतानाही मी पाहिलं नव्हतं.

पाळकसाहेब म्हणाले, "सूनबाई, तुम्हीही दोन शब्द बोला."

"राहू द्या, लाजते ते," काकू घाईनं म्हणाल्या.

मी उभी राहिले. "देवाचे उपकार, त्यानं मला कान चांगले दिलेत, स्वयंपाकघरातलं बाहेरही ऐकू येतं. आणि काकूंना सेवेचं मन दिलं, त्याचेही उपकार. आजचे कप काकू धुतील."