नववी भेट

१

बाबा : मोजे पायात घालायचे असतात, आजी. उशीखाली ठेवलेत तर उशीला ऊब येईल, तुम्हाला नाही.

२

आई : जखम दाखवा. नर्सगिरी सोडून सहा वर्षं झाली, डोळे अजून शाबूत आहेत. दाखवा म्हणते ना!

३

बाबा : नको नको, पलंगावर नाही बसत मी. हे स्टूल बरं आहे. डुगडुगतंय, पण मीही डुगडुगतोच.

४

आई : सुनेनं काय केलं ते मला सांगा. यांना सांगाल तर हे तिच्यासाठीही प्रार्थना करून मोकळे होतील.

५

बाबा : काही सांगायचं राहिलंय का? नाही? बरं, मग येतो आम्ही. नाताळ सुखाचा जावो.

६

आई : पट्टा लावा. तो नाही, तो माझ्या पर्सचा आहे.

बाबा : सहा भेटी झाल्या. उद्या दोन. परवा नाताळ, म्हणजे सकाळी चर्च, दुपारी लेक, आणि चारला छातीच्या रोग्यांचा वॉर्ड. दहा पुऱ्या.

आई : परवाचा वॉर्ड रद्द करा.

बाबा : का?

आई : मी दमलेय.

बाबा : तू? बेचाळीस वर्षांत हा शब्द तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकतोय.

आई : ऐकलात ना? मग झालं.

बाबा : अगं, ते लोक चार वाजता दाराकडे बघत बसलेले असतात. त्या म्हाताऱ्या सुताराला मी शब्द दिलाय.

आई : नवे पाळक आहेत ना? चर्च त्यांच्याकडे सोपवलंत आणि वॉर्ड तेवढा काखेत मारून घरी आणलात. मिशननं निवृत्तीच्या दिवशी एवढं घड्याळ दिलं ते कशाला?

बाबा : वेळेवर पोचायला.

आई : हसू नका.

बाबा : नव्या पाळकांना घरी लहान मुलं आहेत गं. त्यांनी नाताळला घरी असायला हवं.

आई : आपल्या घरी लहान मूल नव्हतं?

बाबा : काय म्हणालीस?

आई : काही नाही. हिरवा दिवा लागला.

सातवी चालू असताना, फोनवर

आई : बोल. हे वर घड्याळवाल्याकडे बसलेत. मी गाडीतच थांबलेय.

लेक : सांगितलं नाहीस ना?

आई : नाही. पण पोटात ठेवून ठेवून मलाच गाठ व्हायची.

लेक : आई!

आई : बरं, चुकलं. पुन्हा एकदा सांग. सव्वीसला संध्याकाळी भरती, सत्तावीसला सकाळी ऑपरेशन. गाठ काढणार, तपासायला पाठवणार, मग पुढचं. बरोबर?

लेक : बरोबर. दहा दिवसांत चौथ्यांदा विचारतेस.

आई : चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकींना धीर दिला. स्वतःच्या लेकीची तारीख डोक्यात राहत नाही, काय करू? अगं, सांगू दे ना त्यांना.

लेक : नाही. सांगितलंस की काय होईल, ऐक. बाबा येतील. स्टूल ओढतील. हात हातात घेतील, स्तोत्र वाचतील, आणि पाऊण तासानं उठतील. का? पेशंटला थकवायचं नाही. आई, मला पाळक नकोत. पाळक हॉस्पिटलात आहेत, दर मंगळवारी येतात.

आई : ते बाप म्हणून येतील.

लेक : कधी आलेत?

आई : या वेळी येतील.

लेक : बघ. 'आलेत' नाही म्हणालीस.

आई : उद्या रात्री मुक्कामाला थांबा म्हणून मी सांगते त्यांना.

लेक : अजिबात सांगू नकोस. ते आपणहून थांबले तर मी माझ्या तोंडानं सांगेन. नाही थांबले तर सत्तावीसनंतर कळेलच.

आई : ही काय तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलची परीक्षा आहे? गाडी मागे घ्या, खांबाला लागली की नापास?

लेक : हो, तशीच. आणि तू शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबायचा नाहीस.

आई : आले बघ ते. जिना उतरतायत. ठेवते.

९

लेक : बाबा, तिथे दाराशी काय? सोफ्यावर या.

बाबा : ही खुर्ची छान आहे. उठायला सोपी.

आई : उठायची घाई कोणाला आहे?

बाबा : मस्त दिवे लावलेस, बाळ. स्कूल कसं चाललंय?

लेक : चौथी गाडी घेतली. एका बाईंनी परवा तिचा आरसा उडवला, पण पठ्ठी पास झाली.

बाबा : वा. झोप लागते ना नीट? जेवण?

लेक : आधी झोप, मग जेवण, मग घरची माणसं, मग देव. शिकाऊ पाळकांना तुम्ही हाच क्रम शिकवायचात. मला तेव्हापासून पाठ आहे.

बाबा : क्रम चांगला आहे गं. एकदम देवापासून सुरुवात केली तर माणूस घाबरतो.

आई : टोपी द्या तिला.

बाबा : हो, हो. ही घे. लोकरीची.

लेक : निळी.

बाबा : यंदा सगळ्यांना निळीच. लोकर एकगठ्ठा मिळाली.

लेक : सगळ्यांना.

आई : तुझी वेगळी विणली होती मी, मरून. हे भलतीच पिशवी उचलून आलेत. अहो, तुम्हाला डोळे आहेत की बटणं?

लेक : असू दे आई. निळी चांगली आहे. पुढच्या महिन्यात लागेल मला टोपी.

बाबा : पुढच्या महिन्यात काय आहे?

लेक : थंडी.

बाबा : हां. थंडी असणारच. तर... पावणेचार झाले. काही सांगायचं राहिलंय का, बाळ?

आई : अहो!

लेक : आई, ब्रेक नाही म्हटलं होतं ना. बाबा, तुमच्या खिशातून कागद पडला. थांबा, वाकू नका, मी उचलते.

बाबा : दे इकडे, तो माझा...

लेक : 'सात. घड्याळवाला. अडीच ते सव्वातीन. कारण, बायको वारली. आठ. शाळेतली शिपाईबाई. कारण, गुडघे. नऊ. लेक. नाताळ, तीन ते पावणेचार. कारण...' पुढे कोरं.

बाबा : ते फक्त माझ्या लक्षात राहावं म्हणून.

लेक : मी नववी. गुडघ्यांच्या नंतर.

बाबा : तो क्रम रस्त्याच्या सोयीनं आहे, बाळ. महत्त्वानं नाही.

लेक : माझं अख्खं लहानपण त्याच रस्त्यावर गेलं. गाडीच्या मागच्या सीटवर, मांडीवर टोप्यांची पिशवी. दर दारात तुम्ही म्हणायचात, दहा मिनिटं बस हं. मी मागे बसून कुठला गियर पडला ते आवाजावरून ओळखायला शिकले. लोक विचारतात, बाई असून ड्रायव्हिंग स्कूल कसं काढलंत? काय सांगू त्यांना? शिक्षण मिशनच्या गाडीत झालं म्हणून?

आई : मलाही बोल. मीही उतरून जायचे.

लेक : तू परत यायचीस. खिडकीतून बिस्किट द्यायचीस.

बाबा : मी यायचो नाही?

लेक : तुम्ही आलात की गाडी सुरू व्हायची, बाबा. पुढच्या घराकडे.

आई : बोला आता. एरवी तासभर बोलता.

बाबा : निवृत्त झालो त्या पहिल्या नाताळला मी ठरवलं, आता लेकीकडे जायला यादी कशाला? तुझं नाव लिहिलंच नाही. आणि आलोच नाही मी. कोणी आजारी निघालं, कोणाचा बाप गेला, दिवस संपला. आठवतं तुला?

लेक : आठवतं. मी टेबल मांडलं होतं. दुसऱ्या दिवशी आवरलं.

बाबा : त्या दिवशी कळलं, मी जे लिहीत नाही ते माझ्या हातून सुटतं. वाईट सवय आहे. पण या वयात ती जाणार कुठे? म्हणून तुला यादीत घातलं. तू निसटू नयेस म्हणून.

लेक : आणि कारण?

बाबा : तिथे पेन घेऊन बराच वेळ बसलो होतो. कारण असल्याशिवाय पाळक कोणाकडे जात नाही. तुझ्यापुढे काय लिहू? तू धडधाकट, तुझं सगळं छान चाललेलं. मला तुला बघावंसं वाटतं. आता हे काही कारण होत नाही.

आई : होतं हो. न व्हायला काय झालं?

लेक : चार वाजायला पाच मिनिटं आहेत, बाबा. तुमचा वॉर्ड.

बाबा : हो. वॉर्ड.

लेक : मी गेट उघडून देते. आईला गाडी मागे घेताना तिथला खांब दिसत नाही.

बाबा : थांब जरा. एक फोन करतो. हॅलो, सिस्टर? मी म्हातारा पाळक बोलतोय. हो, नाताळच्या शुभेच्छा. मी आज येत नाहीये. नाही, तब्येत ठणठणीत आहे. गाडीही ठीक आहे. नाही हो, कोणी वारलं नाही. मी लेकीकडे आलोय. हो, एवढंच. टोप्या गेटवरच्या शिपायाकडे सकाळीच दिल्यात, निळ्या. त्या सुतारकाकांना म्हणावं, पाळकानं शब्द मोडला, पुढच्या खेपेला चार शिव्या द्या. ते देतील, तुम्ही काळजी करू नका. बरं.

आई : दिलात ना निरोप? मी गाडीची किल्ली आत ठेवते. नाहीतर पुन्हा मन फिरायचं.

बाबा : नाही फिरणार. पण बाळ, मला सांगून ठेव, पावणेचारनंतर लोक काय करतात? मला या भागाची सवय नाही.

लेक : बाबा.

बाबा : ओ.

लेक : मला उद्या संध्याकाळी हॉस्पिटलात भरती व्हायचंय.

बाबा : कोणाला भेटायला?

लेक : भेटायला नाही. माझ्या छातीत गाठ आहे. परवा सकाळी काढणार.

बाबा : कुठल्या बाजूला?

लेक : डाव्या.

बाबा : डाव्या. बरं. डाव्या.

आई : पाणी घ्या.

बाबा : तुला माहीत होतं.

आई : दहा दिवस.

बाबा : आणि मी तुला सिग्नलला विनोद सांगत होतो. बाळ, दुखतं का?

लेक : नाही. दुखत नाही. तीच भीती आहे म्हणतात.

बाबा : मी... थांब हं. आता प्रार्थना करायला हवी. हजार घरांत केलीय, झोपेतही येते मला. आत्ता एक शब्द येत नाहीये. मग माझा उपयोग काय इथे?

लेक : नका करू. सोफ्यावर या.

बाबा : येऊन काय करू?

लेक : काही नाही. बसा. आणि तो कोट काढा. तीन वाजल्यापासून कोटात बसलाय, बस चुकेल की काय असे.

बाबा : कोट नको. आत शर्टाची बाही उसवलीय.

आई : बघ! अख्ख्या गावाला मोजे, टोप्या. आणि स्वतः बिनबाहीचे देवदूत!

लेक : आई, हसवू नकोस. मला रडायचंय.

आई : मग रड की. तोवर मी सुई-दोरा शोधते. कुठे ठेवतेस?

लेक : स्वयंपाकघरात, दुसरा खण. बाबा, इकडे सरका. अजून. एवढ्या कडेला बसलात तर पडाल.

बाबा : असा?

लेक : हो, असे.

(नाताळच्या बावीस दिवस आधी. हॉस्पिटल, नोंदणीची खिडकी.)

कारकून : इथे सही करा. आणि अचानक काही कळवायची वेळ आली तर कोणाला कळवायचं?

लेक : वडिलांना.

कारकून : वय?

लेक : बाहत्तर.

कारकून : ताई, आम्ही कधीही फोन करतो. तरुण कोणी नाही का? भाऊ, मैत्रीण? निदान आई?

लेक : आई आहे. तिला मी आधी सांगेन. पण नंबर वडिलांचा लिहा.

कारकून : उचलतील?

लेक : पहिल्या रिंगला उचलतात.