चेस्टनटखाली… पण पुरावा काय?

…नाही, पण मी म्हणतो, फुटबॉलच्या मैदानाला कुत्र्याच्या खाऊचं नाव द्यायचं? दिलं! क्लबला पैसा हवा होता, दिलं, दारावर जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याची पाटी लावली, मी काही बोललो? नाही बोललो. पण ज्ञानकोशात? अहो, ज्ञानकोशात! इंटरनेटवर तो सगळ्यांनी मिळून फुकटात लिहिलेला ज्ञानकोश असतो ना, त्यात आमच्या झालेशोवच्या मैदानाचं पान मी लिहिलंय, दातांचा दवाखाना बंद केल्यावर माणसानं करायचं काय, म्हणून लिहिलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि एका सकाळी कॉफी घेऊन उघडतो तर वर मथळा काय? ‘शेबेस्ता श्वानखाद्य पार्क’!

आता तुम्हाला सांगतो, आख्खं गाव त्या मैदानाला ‘चेस्टनटखाली’ म्हणतं. माझा बाप म्हणायचा, बिअर ओतणारा म्हणतो, आमच्यावर धडाधड गोल मारून जाणारे बाहेरगावचेसुद्धा म्हणतात. चेस्टनटची झाडं कधीच तोडली, तिथं गाड्या लावतात, तरी म्हणतात! मी मथळा होता तसा केला. कॉफी गार व्हायच्या आत पुन्हा श्वानखाद्य! आणि खाली शेरा : ‘पुरावा काय?’

शेरा मारणारा कोण? टोपणनाव ‘मोजणीदार’. मी लगेच ओळखलं. ओता! माझा मेहुणा, आमच्या ड्राहाचा सख्खा भाऊ! जन्म जमीनमोजणी खात्यात गेला, सरकारी शिक्का नसेल तर समोरची नदीसुद्धा मानायचा नाही हा माणूस. आणि गंमत बघा, सकाळी फोन कुणाचा? त्याचाच. “कामिल, शनिवारी चेस्टनटखाली येतोयस ना? सॉसेज तू घे, मोहरीची चटणी जास्त घाल.” आणि दुपारी ज्ञानकोशात काय लिहितो? ‘चेस्टनटखाली हे अनधिकृत, बोलण्यातले नाव.’

मी म्हटलं, “अरे ओता, सकाळी तू स्वतः काय म्हणालास?”

“म्हणालो. लिहिलं नाही.”

“पण म्हणालास ना?”

“मी म्हणजे काय पुरावा आहे का?”

घ्या! मी म्हटलं, बाबा रे, मागच्या वर्षी गाद्यांच्या कंपनीचं नाव होतं, त्या मोसमात आमचा बचाव झोपलेलाच होता ते सोड, पुढच्या वर्षी कमोडवाले आले तर? प्रत्येक वेळी पान बदलायचं? तर म्हणे, “बदलायचं. ज्ञानकोश तुझ्या सोयीसाठी नाही.” शांतपणे हो! नाकातून! तो बदलायचा, मी फिरवायचो, मी फिरवायचो, तो बदलायचा…

शेवटी ड्राहानं बजावलं, “रविवारी ओता जेवायला येतोय, माझ्या टेबलावर ते मैदान नको.” बसलो गप्प. मांस, वर सायीचा रस्सा, पिठाचे उकडलेले गोळे, सगळं छान… आणि माझी जीभ! मी म्हटलं, “मोजणीदारसाहेब, रस्सा घ्या, अधिकृत आहे.” ओतानं काटा खाली ठेवला, टोपी उचलली, बहिणीला “येतो” म्हणाला आणि गेला.

शनिवारी आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. अहो, ज्या बाकावर आम्ही सोयरे व्हायच्या आधीपासून बसतोय, ज्या बाकावर त्यानं मला “ही माझी बहीण” म्हणून ड्राहा दाखवली, त्या बाकावर मी एकटा! सवयीनं सॉसेज दोन घेतलेली, एक हातात, एक मांडीवर. पंचानं उघड उघड पेनल्टी नाकारली, मी ओरडायला शेजारी वळलो… कुणीच नाही. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. नुसता पंच वाईट असून भागत नाही हो, त्याला शिव्या घालायला माणूस लागतो!

मग आली प्रचालक. म्हणजे ज्ञानकोशातली पोलीस, कुठल्या तरी लांबच्या शहरातली, वयानं आमच्या मुलीएवढी. तिनं पानाला कुलूपच ठोकलं आणि लिहिलं, ‘दोघांनी मिळून तटस्थ नाव सुचवा.’ माझं डोकं सटकलं, मी लिहिलं, ‘मग ठेवा की झालेशोवमधील नदीलगतचे फुटबॉल मैदान!’ रागानं लिहिलं हो, उद्गारचिन्ह ठोकून! खाली ओता, तोही फुरंगटलेला : ‘ठेवा, माझं काय जातंय!’ आणि ती बाई काय म्हणते? ‘एकमत झाले. दोघांचे आभार.’ जन्मात पहिल्यांदा आमचं एकमत झालं, तेही भांडताना!

इथं संपलं असतं तर कशाला तुमचं डोकं खाल्लं असतं? पण गावच्या बसमध्ये थांबे पुकारणारं यंत्र बसवलं, आणि ज्या बाहेरच्या माणसानं ते भरलं त्यानं नावं कुठनं घेतली? ज्ञानकोशातनं! मी बसमध्ये, आणि यंत्रातली बाई गोड आवाजात, “पुढील थांबा, झालेशोवमधील… नदीलगतचे… फुटबॉल…” थांबा मागे गेला तरी बाईचं चालूच! लोक हसतायत, मी मान वळवतो, तर मागच्या दांड्याला लटकलेला ओता! चेहरा असा, दाढ दुखतेय जशी.

“कामिल, हे कुणाचं डोकं?”

“डोकं माझं. संमती तुझी.”

दोघं उतरलो, आल्या वाटेनं चालत तडक माझ्या घरी. एका खुर्चीवर दोन म्हातारे अर्धे अर्धे बसून लिहिलं : ‘आमचा वाद मिटला आहे, कृपया चेस्टनटखाली हे नाव द्यावे.’ उत्तर आलं. ‘सध्याच्या नावाला आता स्वतंत्र आधार आहे : शहर बससेवा. तुमच्या नावाला पुरावा काय?’

ओता लालबुंद! उभा राहून पडद्याला ओरडतोय, “आम्ही आहोत ना पुरावा! जन्म गेला तिथं बसून!” मी त्याचा हात धरला, म्हटलं, “ओता, बस खाली. आपण म्हणजे काय पुरावा?”

आता दर शनिवारी चालतच जातो, दोघंही. ड्राहा दारातनं विचारते, “कुठं निघालात रे?” आम्ही एका सुरात, “चेस्टनटखाली!” ती म्हणते, “पुरावा काय?” मग काय, येताना शर्टावर मोहरीचा डाग घेऊन येतो, दोघंही, न चुकता. ड्राहाला तेवढा पुरतो. ज्ञानकोशात डाग चालत नाही… विचारून झालंय.