समोरची भिंत

भोरहून वेल्ह्याला निघालेल्या एसटीत गायत्रीच्या पुढच्या बाकावर दोघीजणी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर नव्या प्रोजेक्टरचं खोकं होतं.

"स्वस्तात मिळाला, मावशी. पर चित्र लई साफ. मानसाचा केस न् केस दिसतो."

"तुमच्या भिंती तर दगडाच्या, मंगल. पाडणार कुठं?"

"समोरच्या भिंतीवर. थोरल्या भावजींच्या."

"वाटणी झाल्यापासनं दोघं भाऊ बोलत न्हाईत ना?"

"न्हाईत. त्यात भिंतभर गोवऱ्या थापलेल्या."

गायत्रीनं कानातला इयरफोन काढला.

"मग गं?"

"ह्यांनी अंगणात हुबं राहून, भावजींना ऐकू जाईल असं मला सांगितलं, प्रोजेक्टर आणायचाय, पर समोरच्या भिंतीवर गोवऱ्या हायेत. सकाळी बघते तर गोवऱ्या काढून भावजी भिंतीला चुना लावत व्हते."

"काय बोलले का?"

"व्हय. ह्यांना म्हणाले, शिडी धर."