जिनिंगमधली तीन भुतं

आमच्या चोपड्याच्या घरात एक नियम आहे: बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या जुन्या कारखान्यात, पोरींनी जायचं नाही, आणि का ते आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, विचारायचं नाही. मला एचडीआर फोटो शिकायला नेमकी तीच जागा हवी होती, कारण आत काळोख आणि मोडक्या पत्र्यातून कडक ऊन. अशा वेळी एकाच जागेचे काळपट, मध्यम आणि उजळ असे तीन फोटो घेऊन एकात मिसळतात. तेवढ्या वेळात समोर काही हलता कामा नये, नाहीतर ते तीन जागी धुरकट उमटतं. मी टायमर लावून बाहेर थांबले.

घरी टीव्हीवर फोटो लावला, तर यंत्रांमधून तीन धुरकट माणसं चाललेली!

"भूत शे ते!" आबा ओरडले. "पुसी टाक तो फोटो! पुन्हा तिकडे जायचं नाही."

मी फोटो मोठा केला. तिन्ही भुतांच्या डोक्यावर आबांची टोपी होती आणि बोटांत विडी. आबांची विडी तर अक्का आजीने शपथ घालून सोडवलेली!

"पुसणार नाही," मी म्हणाले. "आणि उद्या पुन्हा जाणार. भूत तर घरचंच निघालं."

अक्काने आबांकडे पाहिलं. आबांनी टीव्हीकडे.