तात्यांचा निकाल आणि सातची मालिका

शेवया वळता वळता एक बाई गायची, मंडळी! उन्हाळ्यातली दुपार. अंगणात खाट, खाटेवर धुतलेलं धोतर, धोतरावर वाळत घातलेल्या शेवया — आणि तिचा तो जरासा बसका आवाज —

माहेराच्या वाटे गं, पाऊल हलकं हलकं
दारात उभी राहता, मन होई गं परकं

गाणारी होती वैजयंताची आत्या. ऐकणारी वैजयंता, तेव्हा परकरातली पोर. शेवयांचा चुरा तोंडात टाकायचा आणि ऐकत बसायचं. अर्थ? अर्थ कशाला कळतोय त्या वयात! चाल तेवढी कानात राहिली.

पखवाजवाले, जरा हात थांबवा. मंडळींना एक विचारायचंय. आपण दुसऱ्याच्या लेकीबद्दल बोलतो — तेव्हा आपली लेक कुठं बसलेली असते?

उत्तराची घाई नको. ऐका.

तासगावात दिनकरराव नावाचे गृहस्थ. गाव त्यांना तात्या म्हणतं, पोटची लेक वैजयंता, म्हणजे आपली वैजू, तीही तात्याच म्हणते. तात्या कबड्डीचे पंच! उभी हयात मैदानाच्या कडेला गेली. गळ्यात शिट्टी, नजर पायांवर. रेघेबाहेर पाऊल पडलं रे पडलं की हात वर — बाद! आणि एकदा दिलेला निकाल फिरवायचा नाही. आमदार मध्ये पडला तरी नाही.

पुढं गुडघे बोलायला लागले, मैदान सुटलं. पण पंचगिरी सुटते होय? ती येऊन बसली टीव्हीसमोर! रविवारचा सिनेमा लागायचा. नायक कुंपणावरून उडी मारून खलनायकाच्या बंगल्यात शिरायचा. वैजूची आई जीव मुठीत धरून बघायची, आणि तात्या शांतपणे सांगायचे, दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरला, पहिली चूक ह्याची. पौराणिक मालिका लागली तर देवांचीही सुटका नाही! शेजारच्या मालनकाकी तर मालिका बघायला यायच्याच नाहीत, निकाल ऐकायला यायच्या. जाहिरात लागली की विचारायच्या, "तात्या, आज कोण बाद?" तात्या हात वर करायचे. सगळं घर हसायचं.

हसताय ना? तुमच्याही घरात आहे असा एकजण. ज्यांना वाटतंय आमच्यात नाही — त्यांनी आरसा बघावा!

तर अशा घरात वैजू माहेरपणाला आली. कराडला दिलेली. चार दिवस म्हणून आली आणि राहिलीच. तिकडं काय घडलं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला परत जायचं नव्हतं, मंडळी. 'मला परत जायचं नाही' — केवढंसं वाक्य! सकाळी चहा गाळताना ते ओठावर यायचं. दुपारी आईच्या डोक्याला तेल लावताना यायचं. आज सांगू, संध्याकाळी सांगू, तात्या जरा निवांत बसले की सांगू.

आणि संध्याकाळी तात्या निवांत कुठं बसायचे? टीव्हीसमोर!

सातच्या मालिकेत त्याच दिवसांत काय चाललेलं? नायिका नवऱ्याचं घर सोडून निघालेली. हातात बॅग, डोळ्यांत पाणी, मागं सनई. मालनकाकींनी विचारलं, आणि तात्यांचा हात वर गेला. "रेघ ओलांडली. बाद."

कुणासाठी म्हणाले? त्या पडद्यावरच्या पोरीसाठी. ती तर शूटिंग संपवून आपल्या घरी जेवत असेल! निकाल लागला तो दाराआड मेथी निवडत बसलेल्या वैजूला. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुढं, तोच हात वर. तिसऱ्या दिवशीही. तात्या वाईट होते का हो? अजिबात नाही! लेकीसाठी बाजारातून रोज ताजी भाजी आणायचे. तिचा आवडता हलवा आणायचे. तिला लागावं म्हणून त्यांनी एक अक्षर उच्चारलं नाही. ते मालिकेवर बोलत होते. फक्त मालिकेवर!

शेवटी नवऱ्याचा निरोप आला, उद्या ये. वैजूनं "येते" म्हणून सांगितलं आणि पातळांच्या घड्या घातल्या. वडिलांच्या लेखी आपण बादच, मग इथं राहायचं कुणाच्या जिवावर?

ती शेवटची संध्याकाळ. नायिकेची आई तिला दारातूनच माघारी पाठवत होती. मालनकाकी खूश, तात्याही खूश. म्हणाले, बरोबर केलं, पंच असावा तर असा.

तेव्हा दाराआडून वैजूनं विचारलं. मान खालीच होती.

"तात्या, खेळाडूला कुणी ढकलून रेघेबाहेर काढलं तर?"

तात्यांना वाटलं, लेकीला खेळाची गोडी लागली! मागं न बघताच ते म्हणाले, "मुद्दाम ढकललं असेल तर ढकलणारा बाद. खेळाडूचा काय दोष? तो आतच."

"ते पंचाला कसं कळणार?"

"पंचानं बघावं की."

"आणि पंच तिकडं बघतच नसेल तर?"

आता तात्या वळले. वैजू निवडलेलीच मेथी पुन्हा निवडत होती. आणि त्या जुन्या पंचाला एकेक दिसायला लागलं — लेक आली तेव्हा शिलाई मशीन घेऊन आली होती. स्टँडवरून आपणच ते उचलून आणलं, वर जड आहे म्हणून थट्टाही केली. माहेरपणाला कुणी मशीन आणतं? एवढ्या दिवसांत जावई एकदा तरी येऊन गेला? ज्याला लांबूनही टाच रेघेवर दिसायची, त्याला हाताच्या अंतरावरची लेक दिसली नव्हती!

मंडळी, टीव्ही जरूर बघा. मतंही द्या, त्याला कुणाची ना आहे! पण तुमचं मत पडद्यापर्यंत पोचत नाही हो. ते घरातच राहतं. कुणीतरी ते उचलतं, पदरात बांधतं, आणि तुमच्यापाशी सांगायला आणलेलं गिळून टाकतं. आज घरी गेलात की एकदा मागं वळून बघा. दाराआड कोण बसलंय?

तात्यांनी टीव्ही बंद केला. मालनकाकी समजुतीनं उठून गेल्या. तात्या दुखरे गुडघे धरून लेकीसमोर खाली जमिनीवर बसले, मेथीची परात बाजूला सारली.

"निकाल देत नाही बाळ. मी बघितलं नाही. तू सांग."

वैजूनं हातातली मेथीची काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तात्या, त्यांनी मला मशीन-कपड्यांसकट बाहेर ढकललं आणि आतून कडी लावली. गल्लीतले सगळे बघत होते. मी दार वाजवत राहिले… मला परत जायचं नाही."