जोडे शिवणारा शूस्टर

त्या शूस्टरचं सांगतो तुमाले. आमच्या मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन बसवायले आलेला जर्मन इंजिनिअर. चहा पिता पिता मी मोडक्या इंग्रजीत इचारलं, "तुमच्या आडनावाचा अर्थ काय हो?"

थो हासून म्हणे, "जोडे शिवणारा. पणजोबा-खापरपणजोबा कोणी शिवत असन."

आमच्या फिटरचा, जानेफळकरचा, कप हातातच राह्यला. त्याचे आजोबा जोडेच शिवत. बापानं आडनाव बदलून गावाचं लावलेलं.

जानेफळकरनं माह्याकडून शूस्टरले इचारून घेतलं, "हे आडनाव सांगितल्यावर तुमच्याकडे लोक काय म्हणतात?"

शूस्टरले प्रश्नच समजला नाही. "काय म्हणतीन? लिहून घेतात."

जानेफळकरनं कप खाली ठेवला. "आमच्याकडे गावाचं लावलं तरी इचारतात, 'थे ठीक हाये, पण पयलं आडनाव काय होतं?'"

हे मात्र मले इंग्रजीत सांगता आलं नाही.