दातांमागची तार

—नाही, मिटू नकोस तोंड. आ कर. अजून मोठा. शाब्बास! आता दहा मिनिटं बोलायचं काम माझं — नाहीतरी तोंडात एवढा चाप नि कापूस घातल्यावर तू बोलणार काय, कप्पाळ! तर मघाशी काय मागत होतीस? फाइल. एक्स-रे. कॉलेजसाठी दुसऱ्या गावी चाललीस, तिथल्या डॉक्टरला दाखवायचेत. कशाला गं? तीन वर्षं तारा लावून दात कुणी सरळ केले? मीच ना? मग मधेच हा तिसरा माणूस कशाला?

हे बघ बाळ, आमच्या धंद्यात — धंदा नाही, पेशा म्हणायचं — पेशात एक शिस्त असते. मी पेशंटवर कधी आवाज चढवला नाही. वेळ दिली की दिली. मधे फोन उचलावा लागला तरी हातमोजे बदलतो. आणि पेशंटला घाबरवायचं नाही, हे तर सगळ्यात आधी. आधीची सिस्टर आठवते? उंच, चष्मेवाली? उपचार चालू असतानाचा तुझा मधला एक्स-रे बघून इथेच, याच खुर्चीपाशी म्हणाली, "अगं बाई, मुळं केवढी आखूड झाली!" आणि तुझी आई दारात! नशीब, तिनं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी दिला नारळ सिस्टरला.

आता विषय निघालाच आहे — मीच काढला, हो — तर मुळं थोडी झिजतातच, तार ओढते ना. कुणाची कमी, कुणाची जास्त. तुझ्या समोरच्या चार दातांची... जरा जास्त. मग काय करायचं असतं? थांबायचं. चार-सहा महिने ओढ सोडायची, पुन्हा एक्स-रे काढायचा. मला माहीत नाही का? विद्यार्थ्यांना शिकवतो मी हे! पण तेव्हा आमची दंतवैद्यांची परिषद तोंडावर आलेली, आणि अख्ख्या दवाखान्यात दाखवण्याजोगी केस एकच — तुझी. आधीचा फोटो, नंतरचा फोटो — थांबलो असतो तर नंतरचा फोटो कुठून आणला असता? टाळ्या पडल्या गं! एका म्हाताऱ्या सरांनी तेवढं विचारलं, मधला एक्स-रे कुठाय? म्हटलं, पुढच्या वेळी दाखवतो. सगळे हसले. सर खाली बसले.

आता रडतेस कशाला? दुखतंय? दुखण्यासारखं काही नाही यात. ही बारीक तार मागून चिकटवली की चारही दात एकमेकांना धरून राहतील. फक्त ही काढू द्यायची नाही — कुणाला म्हणजे कुणालाच. सफरचंद चिरून खायचं, समोरच्या दातांनी तोडायचं नाही. किती दिवस? दिवस कसले, कायमचं. आणि आईला काही बोलू नकोस, उगाच तिच्या जिवाला घोर. फाइल... बघतो मी शोधून. सापडेलच असं नाही, जुने कागद आम्ही टाकून देतो.

झालं. काढतो हं चाप. चूळ भर. — अंहं, जिभेनं ढकलून बघू नकोस! नको म्हटलं ना! काय? हलले? चारही — एकदम?... दाखव. नाही. नाही हलले. मी सांगतोय ना, नाही हलले. ऊठ. ऊठ आता, बाहेर लोक खोळंबलेत.